"पट्ट्यांनी मला चालवलं": बाबांना स्वतःचं पाऊल स्वतःचं का वाटत नाही?

कुंभार्ली

प्रश्न लांबलाय, पण तपशील सांगितल्याशिवाय तो कळणार नाही.

माझे बाबा एसटीत ड्रायव्हर होते. कराड डेपो, ३१ वर्षं, त्यातली बरीचशी कराड–चिपळूण गाडीवर. पाटण, कोयनानगर, कुंभार्ली घाट, रात्री चिपळूणला मुक्काम आणि सकाळी परत. आता वय ७१. कंपवात, म्हणजे पार्किन्सन्स, होऊन सात वर्षं झाली. उजव्या हाताचा अंगठा तर्जनीवर फिरत राहतो, गोळी वळत असल्यासारखा. त्या थरथरीचं त्यांना फारसं काही वाटत नाही. खरा त्रास पाय अडकण्याचा आहे. हॉलमधून स्वयंपाकघरात जाताना बरोबर दाराच्या चौकटीत पाय जमिनीला चिकटतात. वरचं अंग पुढे जातं, पाय मागेच राहतात, आणि मी धावत जाऊन धरते. "बाबा, पाय उचला ना," म्हटलं की म्हणतात, "मी उचलतोय गं. पाय उचलत नाहीये." एकदा म्हणाले, "हँडब्रेक ओढलेला आहे आणि मी नुसती रेस देतोय."

आणखी एक. गावच्या घराला जुना लाकडी उंबरा आहे, चांगला चार बोटं उंच. मला वाटलं होतं तिथे तर पडतीलच. पण तो उंबरा ते आरामात ओलांडतात. अडकतात ते फ्लॅटच्या सपाट दारात.

फिजिओथेरपिस्टच्या सांगण्यावरून मी फरशीवर पिवळ्या चिकटपट्टीच्या आडव्या रेघा मारल्या, दीड-दीड फुटावर. पहिल्याच दिवशी बाबा एकेक पट्टी ओलांडत सरळ ओट्यापर्यंत गेले. मला रडू आलं. ते मात्र खुर्चीवर टेकले आणि म्हणाले, "हे मी नाही चाललो. पट्ट्यांनी मला चालवलं."

मी शाळेत मराठी शिकवते, त्यामुळे ते वाक्य डोक्यातून जाईना. आदल्या दिवसापर्यंत ते म्हणत होते, "मला चालवत नाही." ते शक्य क्रियापद. आता म्हणाले, "पट्ट्यांनी मला चालवलं." ते प्रयोजक. रूप एकच, "चालवणं". "आजोबांना आता चालवतं" आणि "आई बाळाला चालवते" ही दोन उदाहरणं मी दरवर्षी फळ्यावर शेजारी शेजारी लिहिते. ३१ वर्षं ज्यांनी गाडी चालवली, त्यांच्या तोंडून ती दोन्ही एकापाठोपाठ निघाली, आणि मधलं "मी चाललो" हे साधं वाक्यच गळून गेलं.

पाय त्यांचे, ताकद त्यांची, तोलही त्यांनीच सांभाळला. मग ते पाऊल त्यांचं का नाही? हालचालीच्या आधी मेंदूतल्या लहरी बदलतात असं वाचलं होतं. त्या लहरींचा आणि "हे मी केलं" या जाणिवेचा काही संबंध आहे का? तपासणीच्या वेळात गोळ्यांचं बोलणं जेमतेम उरकतं, हे विचारायला जागाच नसते. कुणाला माहीत असेल तर नीट सांगा, मला समजून घ्यायचंय.

दहा-वीस

मिरजेत २८ वर्षं ईईजी, म्हणजे मेंदूच्या विद्युत लहरी नोंदवणाऱ्या तपासणीचा, तंत्रज्ञ होतो, त्यामुळे तुमच्या प्रश्नातला लहरींचा भाग मी डोळ्यांनी पाहिलाय, तेवढाच सांगतो.

डोक्यावर इलेक्ट्रोड कुठे लावायचे ते टेपने मोजून ठरतं. नाकाच्या मुळापासून मागच्या हाडाच्या उंचवट्यापर्यंतचं अंतर घ्यायचं आणि त्याच्या १० आणि २० टक्क्यांवर खुणा करायच्या. पद्धतीचं नावच १०-२०, माझं इथलं नाव त्यावरूनच. "डोकं धुऊन या, तेल लावू नका" असं बजावलं तरी लोक खोबरेल चोपडून यायचे, मग स्पिरिटने एकेक जागा पुसत बसायचं. टाळूच्या डाव्या बाजूला सी३, उजव्या बाजूला सी४. या दोन जागांखाली हाताची हालचाल सांभाळणारा भाग येतो.

तिथे काही लोकांमध्ये सेकंदाला ८ ते १३ वेळा येणारी एक लहर दिसते, तिला म्यू म्हणतात. एका अंगाला टोकदार, दुसऱ्या अंगाला गोल, म्हणजे कागदावर छोट्या कमानींची ओळ. डोळे मिटल्यावर डोक्याच्या मागच्या भागात येणारी अल्फा लहर डोळे उघडले की जाते. म्यू तशी जात नाही. ती जाते मूठ वळली की. उजवी मूठ वळली तर मुख्यतः डावीकडच्या कमानी मोडतात.

आमच्याकडे तेव्हा कागदावर शाईच्या पेनांचं मशीन होतं, कागद सेकंदाला ३० मिलिमीटर सरकायचा. एक कॉलेजचा मुलगा आला होता, फिटची तपासणी होती. म्यू इतकी सुरेख की मी त्याला म्हटलं, "मी 'हां' म्हणेन तेव्हा उजवी मूठ वळ." मी अजून 'हां' म्हणालो नव्हतो. त्याचा हात गादीवर मोकळा पडलेला मला दिसत होता. आणि सी३ च्या ओळीतल्या कमानी सपाट झाल्या. हात हलायच्या आधीच. तो कागदाचा तुकडा मी बरीच वर्षं ठेवला होता.

असं का होतं? पंगतीत श्लोक म्हणताना सगळ्यांचा एक सूर लागतो, बाहेरच्या खोलीतही ऐकू जातो. जेवण सुरू झालं की तो सूर मोडतो, कारण प्रत्येकजण आपापल्या पानात गुंततो. मेंदूतल्या पेशी रिकाम्या असतात तेव्हा एका तालात डोलतात, म्हणून वरून मोठी लहर दिसते. कामाला लागल्या की ताल सुटतो. ऑस्ट्रियात ग्राट्सच्या फुर्टशेलर यांनी १९७० च्या दशकात हे मोजून दाखवलं. आपण आपल्या मनाने बोट हलवतो तेव्हा सुमारे दोन सेकंद आधीपासून म्यू आणि तिच्याहून जलद अशी बीटा लहर, सेकंदाला १३ ते ३० वेळा येणारी, उतरायला लागतात. हालचाल संपली की सेकंदाभरात बीटा उसळी मारून परत येते. "आता आहे तसंच राहू दे" असा तिचा काहीसा अर्थ लावतात.

कंपवातात मेंदूच्या आत खोल, सबथॅलॅमिक न्यूक्लियस नावाच्या पेशींच्या डाळीएवढ्या पुंजक्यात, ही बीटा लहर प्रमाणाबाहेर बळावलेली सापडते. कंपवातावरची लिवोडोपाची गोळी लागू पडली की ती उतरते, आणि खोल मेंदूत तार घालून विद्युत उत्तेजन देतात तेव्हाही उतरते. हालचालीच्या आधी ती जशी वेळेवर मोकळी व्हायला हवी तशी होत नाही. तुमच्या वडिलांना हे कुणी सांगितलेलं नसताना त्यांनी हँडब्रेक म्हटलं. अगदी योग्य शब्द वापरला त्यांनी.

"मी केलं" ही जाणीव मात्र माझ्या कागदावर कधी उमटली नाही. त्याबद्दल जाणकारांनी लिहावं.

कंदी

माझ्या मावशीचंही हेच. जिना धडाधड चढते आणि वर सपाट गॅलरीत अडकते. शेजारच्यांना वाटतं सोंग करते. कुंभार्लीताई, तुम्ही लिहिलंत म्हणून बरं वाटलं.

फ्रायबुर्गकर

मी इथे जर्मनीत फ्रायबुर्गला मेंदूविज्ञानात संशोधन करतो. तुमच्या प्रश्नातला एक धागा याच गावातून निघालाय. १९६४ मध्ये कोर्नहुबर आणि त्यांचा विद्यार्थी डेके यांना विचारायचं होतं की माणूस आपण होऊन बोट हलवतो त्याच्या आधी मेंदूत काय होतं. अडचण ही की बोट कधी हलणार ते आधी कळत नाही. त्यांनी नोंदी चुंबकीय टेपवर घेतल्या आणि हालचालीच्या क्षणापासून टेप उलटी फिरवली. अशा शेकडो हालचालींची सरासरी काढल्यावर दिसलं की बोट हलायच्या सेकंद-दीड सेकंद आधीपासून टाळूच्या मध्यभागी एक ऋण विद्युतदाब हळूहळू चढत जातो. त्याला त्यांनी नाव दिलं बेराइटशाफ्ट्सपोटेन्शियाल, आपण सज्जतेची लहर म्हणू.

पुढे १९८३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला लिबेट यांनी दाखवलं की ही लहर हालचालीच्या सुमारे ५५० मिलिसेकंद आधी सुरू होते आणि "आता हलवावं असं वाटलं" हा क्षण माणूस सांगतो तो सुमारे २०० मिलिसेकंद आधीचा. त्यावरून "मेंदू आधीच ठरवतो, आपण नामधारी" असं बरंच लिहिलं गेलं. मला ते पटत नाही. २०१२ मध्ये शुर्गर, सिट आणि देहान यांनी दाखवलं की मेंदूतली आपोआप होणारी चढउतार एका मर्यादेपर्यंत पोचली की हालचाल सुटते असं धरलं, तरी सरासरीत तीच लहर दिसते. म्हणजे ती लहर म्हणजे गुपचूप झालेला निर्णय असेलच असं नाही. ज्या भरतीवर पाऊल सुटतं ती भरती असू शकते.

आता बाबांचं पाऊल. आपण आपल्या मनाने उठून चालतो तेव्हा मेंदूच्या वरच्या मधल्या भागातलं पूरक चालक क्षेत्र आणि बेसल गँग्लिया हे खोलातले पेशींचे पुंजके, ही जोडी पुढाकार घेते. सज्जतेच्या लहरीचा सुरुवातीचा भाग मुख्यतः या पूरक चालक क्षेत्राशी जोडलेला आहे, आणि कंपवातात नेमका तोच भाग खुजा होतो. डोळ्यासमोर पट्टी किंवा उंबरा असला की डोळ्यांकडून येणारी माहिती, लघुमेंदू आणि हालचालीची आखणी करणारा प्रीमोटर भाग यांची दुसरी वाट जास्त वापरली जाते असं मानतात. ती वाट कंपवातात बऱ्यापैकी शाबूत असते. म्हणून उंबरा जमतो आणि सपाट दार अडवतं.

म्हणजे बाबा तक्रार करत नाहीयेत, ते अचूक वर्णन करताहेत. पाऊल खरोखर दुसऱ्या वाटेने आलं.

आणि त्या पूर्वतयारीचा "मी केलं" या भावनेशी संबंध आहे का? आहे, आणि मोजता येतो. २००२ मध्ये लंडनच्या हॅगार्ड आणि सहकाऱ्यांनी लोकांना एक बटण दाबायला सांगितलं. दाबल्यावर २५० मिलिसेकंदांनी एक सूर वाजायचा. घड्याळाकडे बघून दोन्ही क्षण सांगायचे. स्वतः दाबलं की लोकांना दाबणं थोडं उशिरा आणि सूर थोडा लवकर झाल्यासारखा वाटला, जणू दोन्ही क्षण एकमेकांकडे सरकले. मग डोक्यावरून चुंबकीय झटका देऊन बोट नकळत हलवलं, तेव्हा तेच दोन क्षण उलट लांब गेले. कृती माझी असेल तर मन तिला तिच्या परिणामाशी गाठ मारतं. नसेल तर मारत नाही.

२०१४ मध्ये इथल्याच गटाने ही गाठ आणि हालचालीपूर्वीची लहर एकत्र मोजली. ज्या वेळी बटण दाबण्याआधी मेंदूतला संथ विद्युतदाब ऋण बाजूला झुकलेला होता, त्या वेळी गाठ जास्त घट्ट होती, विशेषतः सूर लवकर वाजल्यासारखा वाटण्यात. तेच बटण, तोच माणूस, तोच सूर. फरक फक्त आधीच्या भरतीचा. मला हा निष्कर्ष फार मोलाचा वाटतो, कारण जाणीव कृतीनंतर मागाहून चिकटवलेली नसते, तिची मुळं कृतीच्या आधी असतात, हे त्यातून दिसतं.

कंपवातावर थेट एक अभ्यास आहे. २०१० मध्ये मूर आणि सहकाऱ्यांनी रुग्णांची हीच चाचणी औषध घेतलेलं असताना आणि नसताना केली. डोपामिन वाढवणाऱ्या औषधाने कृती आणि परिणाम यांची गाठ घट्ट झाली. तेव्हा एक पाहा: बाबा "मी चाललो" असं कधी म्हणतात आणि "चालवलं" असं कधी म्हणतात, याचा गोळीच्या वेळेशी मेळ लागतो का?

कुंभार्ली

दोनदा वाचलं, आणि दुसऱ्यांदा बाबांना मोठ्याने वाचून दाखवलं. टेप उलटी फिरवल्याचं ऐकून ते म्हणाले, "अपघाताचा पंचनामा असाच करतात. धडक कुठे झाली ते बघून टायरच्या खुणांवरून मागे जायचं."

पण मग मनात आलं, पट्ट्या काढून टाकू का? दुसऱ्याच वाटेने चालत राहिले तर त्यांची स्वतःची वाट आणखी बुजेल का?

तोल

नाही. पट्ट्या काढू नका. मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि पार्किन्सन्सच्या पेशंटचं कंबरेचं हाड मोडलं की पुढे काय होतं ते मी पाहिलंय. आधी पडणं टाळायचं, मालकीचं नंतर बघू. गोळीच्या वेळाही स्वतःहून हलवू नका, फक्त वहीत लिहा आणि डॉक्टरांना दाखवा.

मालकीसाठी एक करता येईल. पट्ट्या तुम्ही लावल्यात, रंग तुम्ही ठरवलात, अंतर तुम्ही ठरवलंत. बाबांच्या वाट्याला फक्त आज्ञा पाळणं आलं. २०१३ मध्ये बार्लास आणि ओभी यांनी वरच्याच बटणाच्या प्रयोगात बटणांची संख्या बदलली. एकच बटण असताना गाठ सर्वांत सैल, सातांतून निवडता आलं तेव्हा सर्वांत घट्ट. निवडता आलं याला महत्त्व होतं. तेव्हा पट्ट्या कुठे आणि कशा, ते बाबांना ठरवू द्या.

आणि पाय अडकलेले असताना "उचला, उचला" म्हणू नका. घाई वाटली की पाय जास्त चिकटतात. थांबू द्या. उभं राहायचं, श्वास सोडायचा, वजन एका पायावर घ्यायचं, मग मोकळा झालेला पाय टाकायचा. तालाचा उपयोग होतो, पण तो त्यांचा त्यांनी धरलेला असला तर बरं. मोजणं, मनातल्या मनात गाणं, काहीही.

फ्रायबुर्गकर

श्वास सोडण्याबद्दल एक जोड देतो. २०२० मध्ये स्वित्झर्लंडमधल्या एका गटाला दिसलं की लोक आपल्या मर्जीने बटण दाबतात तेव्हा ते जास्त वेळा श्वास सोडताना दाबतात, आणि सज्जतेची लहरही श्वासाबरोबर कमी-जास्त होते. बाहेरून इशारा मिळाल्यावर दाबायचं असेल तर श्वासाशी हा मेळ राहत नाही. हे निरोगी माणसांवरचं आहे, कंपवातावर तसंच्या तसं लावू नका. पण "तोल" यांनी अनुभवातून सांगितलेली गोष्ट त्याच्या जवळ जाते.

कुंभार्ली

तीन आठवड्यांनी लिहितेय.

बाबांनी पिवळ्या पट्ट्या नापसंत केल्या. "रस्त्यावर पट्टी पांढरी असते," म्हणाले. पांढरी टेप आणली. अंतर त्यांनी स्वतःच्या पावलाने मोजलं, खुर्चीत बसून काठीने जागा दाखवली आणि मी चिकटवत गेले. दीड फुटापेक्षा ते थोडं कमी आलं. दाराच्या चौकटीत मात्र त्यांना पट्टी नको होती. "तिथे मी बघतो," म्हणाले.

त्या संध्याकाळी मी सहज विचारलं, "बाबा, स्टॉपवरून गाडी कधी सोडायचात?"

"डबल बेल पडली की."

"म्हणजे गाडी कंडक्टर चालवायचा?"

ते माझ्याकडे बघत राहिले. अंगठा तर्जनीवर फिरत होता. मग म्हणाले, "बेल त्याची. गाडी माझी. बेल पडली तरी समोर म्हैस असली तर मी सोडत नव्हतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला, म्हणजे गोळी घेतल्यावर तासाभराने, ते स्वयंपाकघराच्या दारात आले आणि अडकले. मी ओट्यापाशी पोळ्या लाटत होते, मागे वळले नाही. ऐकू आलं, डाव्या हाताच्या बोटांच्या पेरांनी चौकटीवर दोनदा टकटक. मग एक लांब श्वास सुटला. मग चपलेचा आवाज, एक, दुसरा, तिसरा. येऊन ओट्याला धरून उभे राहिले आणि म्हणाले, "आलो." "आणलं" म्हणाले नाहीत.

रोज जमतं असं नाही. वही ठेवलीय. सकाळचं "आलो" बहुतेक दिवशी आहे. दुपारी साडेतीनच्या सुमारास, गोळी उतरत असते तेव्हा, गेल्या गुरुवारी चार वेळा टकटक केली आणि पाय हलला नाही. मी जवळ जाऊन नुसती उभी राहिले. पाचव्यांदा त्यांनी चौकटीऐवजी माझ्या मनगटावर दोनदा बोट आपटलं, आणि निघाले. नंतर विचारलं, हे कुणी केलं? म्हणाले, "दोघांनी." वहीत तसंच लिहिलंय. पुढच्या तपासणीला वही दाखवणार आहे.

दहा-वीस काका, बाबांचा तुम्हाला एक प्रश्न आहे. त्या मुलाला तुम्ही तो कागद दाखवलात का, हात हलायच्या आधी कमानी मोडल्या तो? आणि तो काय म्हणाला?

दहा-वीस

दाखवला होता. पेन्सिलीने खूण करून म्हटलं, "बघ, मी 'हां' म्हणालो ते इथे, आणि तुझ्या कमानी मोडल्या त्या त्याच्या आधी, इथे." त्याने कागद जवळ घेऊन बराच वेळ पाहिला. मग म्हणाला, "हो. मी तेव्हाच सुरुवात केली होती."